लंगडीचं पिल्लू

गल्लीत तिला सगळे माकडवाली म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणंच माणसाला आधी ऐकू येतं. काम तरी काय होतं? उजाडायच्या आत खाणीमागच्या रानात जायचं आणि माकडांच्या एकाच टोळीमागे दिवसभर पाय ओढत हिंडायचं. कोण कुणाला जागेवरून उठवतं, कोण कुणाच्या उवा काढतं, कुठली मादी कुठल्या नराबरोबर झुडपाआड गेली, हे सगळं टिपायचं. वर त्यांची विष्ठा चिमट्याने उचलून डब्यांत भरायची, कारण कुठलं पोर कुणाचं हे प्रयोगशाळेत त्या विष्ठेवरूनच कळतं. "एवढं शिकवलं ते ह्यासाठी का गं?" असं तिची सासू मरेपर्यंत म्हणत होती. सासूचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा.

ह्या कामाचा एक कायदा होता. रानात तू सगळ्यांत खालची. समोरून माकड आलं, मग ते टोळीतलं सगळ्यांत दुबळं का असेना, तू बाजूला व्हायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, त्याच्यासमोर खायचं नाही, आणि त्यांच्या भानगडीत तर मुळीच पडायचं नाही. कोणी कोणाला फाडून खाल्लं तरी आपण मूग गिळून बसायचं. सोळा-सतरा वर्षं हे केल्यावर तिची चालच तशी झाली होती. भाजीवाल्याकडे मागून आलेली बाई पुढे घुसली तरी ही आपली सरकून उभी.

आता ह्या टोळीचं म्हणाल तर बळी तो कान पिळी, दुसरं काही नाही. सगळ्यांत वर कानफाटी. तिचा एक कान कधीकाळी भांडणात फाटलेला, पण तोरा असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही. आईचा मान पोरींकडे येतो ह्यांच्यात. त्यामुळे कानफाटीची काल जन्मलेली शेंबडी पोरसुद्धा म्हाताऱ्या माद्यांना जागेवरून उठवायची. चांगलं फळ त्यांना, उन्हाची जागा त्यांना, आणि मग पोरंही त्यांचीच जगायची. नरांत एक होता, त्याला सगळे साहेब म्हणत. साहेब छाती काढून फिरायचा, जणू टोळीतलं प्रत्येक पोर त्याचंच. डब्यांचा निकाल आला तेव्हा निम्मी पोरं निघाली एका मरतुकड्या नराची, जो साहेब समोर असला की पाठ फिरवून पानं चघळत बसायचा! ज्या संशोधन केंद्रासाठी ती हे काम करायची तिथल्या मॅडम हसून हसून बेजार झाल्या होत्या. माकडवालीही हसली, पण तिला त्या दिवशी पायात गोळे आले होते.

आणि सगळ्यांत खाली लंगडी. मागचा एक पाय जायबंदी, पाठीशी आई नाही, बहीण नाही. आधीची पोरं जगली नव्हती. ह्या खेपेला मात्र पिल्लाने चांगलं बाळसं धरलं होतं.

ते पिल्लू कानफाटीने उचललं.

ह्यांच्यात असं होतं. वरच्या मादीला खालचीचं पोर आवडलं की ती खेळायला म्हणून घेते, आणि मग द्यायचं नाव नाही. दूध तर तिच्या अंगावर नसतं. लंगडी मागे मागे फिरत होती. जवळ बसून कानफाटीच्या उवा काढायची, ओठ हलवून आर्जवं करायची, आणि हळूच हात पुढे केला की कानफाटी नुसत्या भुवया वर करायची. लंगडीचा हात मागे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पहिल्या दिवशी पिल्लू ओरडत होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला.

माकडवालीने मॅडमना फोन केला. "ते मरेल हो."

"माहितीये. वाईट वाटतं मलाही. पण हात लावायचा नाही. तुम्ही नव्या आहात का?"

नवी नव्हती. म्हणून तर तिने फोन ठेवला.

घरीही तेव्हा धड नव्हतं. मुलगी तान्ही असताना नवरा गेला, तेव्हापासून ती थोरल्या दिरांच्या घरी दोन खोल्यांत राहत होती. दिरांना मूल नव्हतं. मुलगी आता दहा वर्षांची. तिचा डबा, वेणी, अभ्यास, ताप-खोकला, सगळं जाऊबाई करायच्या. ही पहाटे जायची तेव्हा पोर झोपलेली, ही यायची तेव्हा पोर जेवून मोठ्या आईच्या कुशीत. जाऊबाईंना पोर मोठी आईच म्हणायची. आता दिरांची बदली लांबच्या शहरात झाली होती आणि जाऊबाई सामान बांधता बांधता सहज म्हणाल्या होत्या, "पोरीला नेते गं. तिकडे शाळा बऱ्या आहेत. तू तरी कुठे असतेस दिवसभर?"

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आणि ही "बरं" म्हणाली होती. जीभ झडली नाही तिची! रविवारी गाडी होती.

माणसाचं आणि माकडाचं सारखंच, असं कुणी म्हटलं की तिला भयंकर राग यायचा. पाहुणे येऊन हमखास तेच बोलायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. माकडाला शाळा नाही, बदली नाही, उपकार नाहीत, असं ती म्हणायची. त्यामुळे शनिवारी सकाळी रानात जाताना तिच्या डोक्यात पोरीचा विचार होता आणि पिल्लाचा होता, पण दोन्ही वेगवेगळे होते.

खाणीची भिंत आणि काटेरी झुडपं ह्यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. त्या वाटेने कानफाटी आली. पिल्लू एका हातात, चिंधीगत लोंबतंय. मागे बऱ्याच अंतरावर लंगडी. माकडवालीने बाजूला व्हायला हवं होतं. पाय उचलायला गेली आणि तिला इतका थकवा आला, इतका कंटाळा आला बाजूला होण्याचा, की ती तिथेच उभी राहिली. वर तिने कानफाटीच्या डोळ्यांत बघितलं.

झालं! सगळ्यांत खालची बाई वाट अडवते म्हणजे काय? कानफाटीने पिल्लू टाकलं आणि झेप घेतली. मनगटाच्या वर दात असे रुतले की बाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कानफाटी भिंतीवर चढून किंचाळेपर्यंत लंगडीने पिल्लू उचललं होतं आणि तीन पायांवर ती झाडाच्या टोकाला पोचली होती. पिल्लाचं डोकं तिच्या छातीशी गेलं. पीत होतं की नुसतं टेकलं होतं, ते खालून दिसलं नाही.

दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शनं झाली. मॅडम तिथेच आल्या. ओरडल्या नाहीत. "ह्या टोळीच्या नोंदींतलं आता काहीच धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि उद्या ती पुन्हा घेईल पिल्लू. तेव्हा तुम्ही असणार आहात का?"

"नाही."

"मग काय बदललं?"

सोमवारपासून तिने प्रयोगशाळेत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, रानात जायचं नाही, असं ठरलं. तिने मान हलवली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा जाऊबाईंनी हात बघून कपाळाला हात लावला. खुर्चीवर बसवलं, चहा दिला, रक्ताळलेली बाही कात्रीने कापून काढली. "नसत्या उठाठेवी करायच्या नि हात फोडून घ्यायचे," म्हणत होत्या, पण बोटं किती हलकी लागत होती त्यांची. इतकं मायेनं केल्यावर बोलायचं कसं? तरी ती बोलली.

"वहिनी, पोरीला नेऊ नका."

जाऊबाईंची कात्री थांबली. "तू बरं म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"तिला कोण बघणार?"

"मी."

"दहा वर्षं मी बघितलं," जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तापात रात्र रात्र मी बसले. तेव्हा तू कुठे होतीस?"

"रानात होते, वहिनी. तुमचं खरं आहे सगळं. पण पोर माझी आहे."

दारात पोर उभी होती. हातात घड्या केलेले कपडे. तिने सगळं ऐकलं होतं. कपडे टाकून ती धावत आली आणि जाऊबाईंच्या कंबरेला तिने करकचून मिठी मारली. "मला मोठ्या आईबरोबर जायचंय! तू जा ना तुझ्या माकडांकडे!"

माकडवाली उठली. जवळ गेली, चांगला हात पुढे केला. "ये." पोरीने तो हात झिडकारला. तिने पुन्हा केला. पोरीने लाथ मारली, ती टाके पडलेल्या हाताला लागली. ती कळवळली, पण मागे झाली नाही. हात पुढे करून नुसती उभी राहिली.

जाऊबाई तिच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. मग त्यांनी आपले हात पाठीमागे नेले आणि तिथे घट्ट गुंफलेली पोरीची बोटं एकेक करून सोडवली.

"जा गं," त्या म्हणाल्या. "आई बोलावतेय."