दाजींची ‘तडी’

निपाणी ते बेळगाव या टापूत आमच्या दाजींइतका सावकाश माणूस आजवर झाला नाही आणि पुढं होईल असं वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. निपाणीत तंबाखूची वखार, अंगात परीटघडीचा पांढरा कोट, डोक्याला रुमाल आणि तोंडात सदा एकच शब्द, ‘तडी’. कानडीत तडी म्हणजे थांब. घराला आग लागली असती तरी दाजींनी आधी ‘तडी’ म्हटलं असतं, पाणी गाळून घेतलं असतं आणि मगच ते ओतलं असतं. पाणी गाळून वापरायचं हा आम्हा जैनांचा धर्मच. पण दाजी चूळ भरायचं पाणीसुद्धा गाळायचे. त्यासाठी तीनपदरी गाळणं कोटाच्या खिशात कायम घडी करून ठेवलेलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मीही जैनच, पण बेळगावच्या कचेरीत नोकरीला लागल्यापासून बराच सैल झालेला. त्यामुळं या सगळ्याची मी यथेच्छ थट्टा करत असे.

अशा माणसानं मोटार घेतली, तेव्हा सगळी निपाणी पोट धरून हसली. लोक मोटार घेतात ती पळवायला. दाजींनी घेतली ती जपायला. निघण्याआधी बॉनेट उघडून ते आत मऊ कुंचला फिरवत, एखादी मुंगी चुकून भाजू नये म्हणून. रस्त्यात बैलगाडीवाले मागून ‘सावकार, वाट सोडा की’ म्हणून ओरडत. बॅटरीला तर ते घरातल्या तापट म्हाताऱ्यासारखं सांभाळत. “आत तेजाब हाय, वरनं वाफ येतीया. ठिणगी पडली तर तोंड भाजंल बगा,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. जन्मभर तंबाखू विकली, पण मोटारीजवळ बिडी पेटवणाऱ्याला त्यांनी कधी उभं केलं नाही.

एकदा मी आक्काकडं गेलो होतो, तर दुपारी पोटात उजव्या बाजूला असं काही दुखायला लागलं की मी गुरासारखा ओरडू लागलो. डॉक्टर म्हणाले, “अपेंडिक्स आहे. आजच्या आज बेळगाव गाठा. फुटलं तर कुणाच्याच हातात काही राहायचं नाही.” दाजींनी मला मोटारीत मागं झोपवलं, आक्कानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो. संकेश्वर मागं पडलं आणि मेंढरांचा कळप आडवा आला. मुकी जनावरं भितील म्हणून दाजींनी इंजिन बंद केलं! मेंढरं गेली, पण मोटार काही सुरू होईना. दाजींनी हँडल मारून पाहिलं. बॅटरीतच जीव नव्हता, तर ठिणगी यावी कुठून?

तेवढ्यात समोरून, बेळगावकडून, निपाणीला जाणारी उतारूंची सर्व्हिस मोटार आली. ती आमच्या उलट दिशेची, त्यामुळं मला तिच्यात घालून उपयोग नव्हता. पण तिच्याजवळ जिवंत बॅटरी होती आणि दाजींच्या डिकीत जाड तारांची जोडी होती. सर्व्हिसचा ड्रायव्हर भला माणूस. तोंडात बिडी धरूनच तो तारा जोडायला धावला.

“तडी, अण्णा! बिडी इजवा आदी.”

“सावकार, आत माणूस मराय लागलंय आनि तुमी बिडी बघताय व्हय?”

“म्हणूनच की ओ. एक मराय लागलाय, त्येच्यात आनि चार नकोत. तुमची बॅटरी सहाची का बाराची?”

दोन्ही सहा व्होल्टच्याच निघाल्या. मग दाजींनी स्वतःची अंगठी काढली, ड्रायव्हरच्या हातातलं कडं काढायला लावलं, दोन्ही मोटारी एकमेकींना टेकल्या नाहीत ना ते वाकून पाहिलं, उतारूंना लांब उभं केलं. खिशातलं गाळणं ओलं करून आमच्या बॅटरीच्या बुचांवर पसरलं. सारखं टोक सारख्याला जोडलं आणि शेवटचा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावला. एवढं झाल्यावर म्हणाले, “आता जरा जीव भरू दे.”

“दाजी, मी चाललो!” मी आतून किंचाळलो.

“तडी, पाव्हणं. जायाचं न्हाई,” ते म्हणाले. पुरेसा जीव भरल्यावर ते स्टिअरिंगशी बसले.

मोटार सुरू झाली. जोडलेल्या तारा त्यांनी उलट्या क्रमानं सोडवल्या आणि मग जो माणूस बैलगाडीला वाट द्यायचा, त्यानं अशी मोटार हाणली की आक्का णमोकार मंत्र म्हणू लागली. हत्तरगीपाशी ऊन कललं. आक्कानं डबा पुढं केला. “अवं, दिवस बुडाय लागलाय. घटकाभर थांबून चार घास खावा.” दाजींनी मोटार तशीच पुढं दामटली. थांबल्यावर इंजिन बंद पडलं असतं तर? काकतीजवळ सूर्य मावळला. डबा तसाच राहिला.

सकाळी दवाखान्यात मला जाग आली. अपेंडिक्स वेळेवर निघालं होतं. घसा कोरडा पडला होता. उशाशी दाजी बसले होते, ओठ सुकलेले. गाळणं तेजाबानं जळून गेलं होतं, म्हणून त्यांनी उपरण्याच्या तीन घड्या केल्या, पाणी गाळलं आणि माझे ओठ ओले केले. मग स्वतः प्याले. आदल्या दुपारपासूनचं त्यांचं ते पहिलं पाणी. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा केली नाही.

म्हणजे एकदा केली. दुरुस्तीच्या कारखान्यात मोटार दाखवली, तेव्हा कळलं की बॅटरीला डिस्टिलचं पाणी लागतं आणि दाजी तिला विहिरीचं पाजत होते. “पण तीनदा गाळून घालत होतो की ओ!” ते कळवळून म्हणाले. आक्कासुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दाजी गेले तेव्हा मी जवळ होतो. भर दुपार होती. आक्का रडत तांब्या पुढं करून म्हणाली, “घाल रं तोंडात पाणी, लगीच घाल.”

मी उपरण्याच्या तीन घड्या केल्या.

“तडी, आक्का,” मी म्हणालो, आणि पाणी गाळायला घेतलं.