कुंथणाऱ्यांचा दवाखाना

मी मूळची साताऱ्याची, पण गेली कित्येक वर्षं चेन्नईच्या मैलापुरात कुत्र्यामांजरांची डॉक्टर. लोकांकडे प्रवासाचे नाहीतर लग्नाचे किस्से जमतात. माझ्याकडे जमलेत कुत्र्यांना न झालेल्या शीचे! कोणाच्या जेवणाच्या टेबलावर सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

*

नुंगंबाक्कमचा एक आयटीवाला. फोनवर घायकुतीला आलेला. "डॉक्टर, कालपासून पेंडिंग आहे!"

कुत्रा खात होता, खेळत होता. म्हटलं, "पाणी भरपूर पाज, उकडलेला भोपळा दे. उद्याही नाही झाली, उलटी झाली किंवा पोट फुगलं, तर लगेच घेऊन ये."

सकाळी कुत्र्यानं मनावर घेतलं. पठ्ठ्यानं आनंदानं फोटो काढला आणि मला पाठवायचा तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. बॉसनं न बघताच लिहिलं, "ग्रेट जॉब, टीम!"

*

आवडी या उपनगरातले एक रिटायर्ड साहेब. त्यांचा लॅब्रॅडॉर नुसता कुंथत होता. साहेबांनी घरीच स्वतःचं चूर्ण पाजलेलं!

तपासलं तर आतडं मोकळं, तुंबली होती लघवी. कुंथतो म्हणजे बद्धकोष्ठच, असं नसतं हो! हे तर जास्त धोक्याचं. मी भयंकर चिडले.

"पण मला अर्ध्या तासात गुण येतो!" साहेब म्हणाले.

माझी असिस्टंट सेल्वी नळी घालता घालता म्हणाली, "मग सार, पुढच्या वेळी टेबलावर तुम्हीच चढा!"

*

आणि राव पतिपत्नी. तंजावरी मराठी, घरात कांदासुद्धा नाही. त्यांचा राजू दहीभातावर वाढलेला. तीन दिवस पोट साफ नाही, उलट्या, मान टाकलेली. मला खरंच भीती वाटली.

एक्स-रे काढला. आतड्यात हाडंच हाडं!

"अय्यो, हा फोटो दुसऱ्या कुत्र्याचा!" रावमामी ठामपणे म्हणाल्या.

"मामी, राजूचाच आहे. कसली हाडं आणि कधी खाल्ली ते कळलं, तर एनिमा की ऑपरेशन हे ठरवता येईल. लवकर सांगा!"

मामी रडायला लागल्या. राजूला रोज संध्याकाळी फिरवणारे रावमामा पंख्याकडे बघत होते. शेवटी पुटपुटले, "कोंबडीची. शनिवारीं."

"मग एनिमा देऊन बघू," मी म्हटलं. सेल्वी तयारीला पळाली.

मामींनी डोळे पुसले. सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "कोंबडीचीच, हें तुम्हांस कसं ठाऊक?"

मामा राजूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "मटणाचीं मी त्याला ठेवीतच नाहीं!"