ताटलीच्या पोटाखालचा धागा

माझ्या मावशीचं काम ऐकलं की लोक आधी हसतात. संग्रहालयाच्या तळघरात बसून ती दगडातले मासे सुईने मोकळे करते. भिंगाखाली दगडाचा कण न् कण उडवायचा, पण हाडाला धक्का लागू द्यायचा नाही. घरी मात्र तिच्या हातून कपबशा पटापट फुटतात.

मी शिकायला तिच्याकडे राहायचे, तेव्हा तिच्यापुढे एक चपटा, गोल, धारदार पोटाचा मासा होता. घरात आम्ही त्याला ‘ताटली’ म्हणायचो. त्याच्या कुळातले कितीतरी मासे दगडात सापडतात, पण समुद्रात आता जिवंत अशी एकच जात उरली आहे.

“एवढं मोठं खटलं, आणि मागे राहिलं कोण, तर हा एकटा!” मावशी अशी हळहळायची, जणू सोयरीकच होती.

ताटलीच्या पोटाखाली दगडावर एक बारीक रेघ होती. तो माशाचा लांब, दोऱ्यासारखा पर असेल की आपल्याच सुईचा ओरखडा, हे मावशीला काही केल्या ठरवता येईना. दगड नव्या दालनातल्या चौकटीत बसावा म्हणून लवकरच त्याची खालची कड करवतीने कापणार होते, रेघेसकट. काम थांबवा म्हणावं आणि निघाला ओरखडा, तर आयुष्यभर कमावलेल्या हाताचं हसं. गप्प बसावं आणि निघाला पर, तर तो कायमचा गेला.

शेवटी कापायच्या आदल्या दिवशी सकाळी बाजारात तिला त्या कुळातला तो एकटा उरलेला मासा ताजा मिळाला. रेघेच्या जागी ह्याला पर आहे का, ते संध्याकाळी सावकाश बघू म्हणून तिने तो फ्रीजमध्ये ठेवला. आमच्याकडे निळा डबा कामाचा आणि स्टीलचा पोटाचा, हा नियम तिनेच घातलेला. त्या दिवशी उशीर झाला म्हणून हाताला आला तो डबा तिने घेतला. तो स्टीलचा होता.

स्वयंपाक काकांकडे, म्हणजे मावशीच्या यजमानांकडे. संध्याकाळी मावशी दारात आली तेव्हा मासा तव्यावर चुरचुरत होता.

“अहो, हे काय केलंत!” ती तव्यावर वाकली.

“डबा स्टीलचा होता,” काका म्हणाले. मग तिचा चेहरा बघून ओशाळले. “अगं, नीट साफ करून घेतलाय. पोटाखाली जाळ्याचे धागे अडकले होते, तेसुद्धा ओढून काढले.”

मावशीने मान वर केली. “कुठून निघत होते धागे?”

काकांनी उलथन्यानेच तव्यावर दाखवलं. “इथून, पोटाच्या धारेवरून. आणि मागे पार शेपटीपर्यंत. चिवट होते गं.”

मावशीने मोबाईलवर दगडाचा फोटो उघडला आणि तव्याशेजारी धरला. रेघ तिथूनच निघत होती, तिथेच पोचत होती. म्हणजे धागे नव्हते ते, परच होते. ती हसत सुटली, मग डोळे पुसले, मग तो मासा आम्ही तिघांनी चाटूनपुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दगड कापला नाही, चौकटच मोठी केली.

दालन उघडलं त्या दिवशी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या दगडासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, बायकोचं कौतुक चाललंय. मी जवळ गेले तर ते काचेला हळूच सांगत होते, “माफ कर बाबा. तुझ्या घरच्या शेवटच्या पोराचे पर मी ओढून काढले. पण तुझा हिने वाचवला.”