दोन गुंठ्यांची गाडी

माझा दोस्त बबन गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या भावाने, आण्णांनी केला. “बबन्या गेला रं… झोपेतच गेला,” आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य, “आता त्या डबड्याचं काय करायचं?” आण्णा रडत होते, अगदी मनापासून रडत होते, पण डबडं काही डोक्यातून जात नव्हतं. सहा वर्षं आमच्या भूगावात कुणाच्याच डोक्यातून ते गेलेलं नाही.

डबडं म्हणजे परदेशी बनावटीची, पन्नास वर्षांची म्हातारी कॅम्पर व्हॅन. आत पलंग, घडीचं टेबल, दोन बर्नरची शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. गोव्यात एका आजीबाईंच्या अंगणात, फणसाखाली बबनने ती पाहिली आणि तिथेच जेवण विसरला. आता आमच्याकडे वस्तूची किंमत रुपयांत सांगत नाहीत, गुंठ्यांत सांगतात. आण्णांची पांढरी गाडी दीड गुंठ्याची, त्यांच्या लेकीचं लग्न चार गुंठ्यांचं. बबनने आपल्या वाटणीतले दोन गुंठे विकले आणि गावाने व्हॅनचं बारसंच करून टाकलं. “दोन गुंठे आली बघा!” “दोन गुंठे पिरंगुटात बंद पडली!” त्या चार गुंठ्यांच्या लग्नातला मांडव चौथ्या दिवशी उतरला, त्यावर कुणी हूं का चूं केलं नाही. आण्णांनी बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले, तेही चाललं. पण माणसाने स्वतःच्या आनंदासाठी एक जुनी गाडी घेतली, की सगळं गाव हिशेबनीस!

आणायची ती आणली, पण पूजा कसली करायची? बबनची बायको, आमच्या सुमनवहिनी, पेचात पडल्या. चाकं आहेत म्हणजे वाहन, चूल आहे म्हणजे घर. शेवटी चाकापुढे नारळ फोडला आणि आतल्या शेगडीवर वास्तुशांतीचं दूध उतू घालवलं. पातेलं भरून! दूध बर्नरमध्ये गेलं, तिथून फळीखाली, तिथून कुठे कुठे. पुढे तीन महिने ती शेगडी पेटेना आणि गाडीला बासुंदी करपल्याचा वास यायचा. बबन भेटेल त्याला अभिमानाने सांगायचा, “दुसऱ्या कुणाच्या गाडीला हाय का असला वास?”

ताम्हिणीच्या चढाला ती हमखास तापायची. मग कडेला घ्यायची, इंजिनचं मागचं झाकण उघडायचं, चहा टाकायचा. एकदा वैतागून मी म्हणालो, “अरे, दोन गुंठ्यांत दर घाटाला थांबायचंच विकत घेतलंस की!”

“मंग?” तो म्हणाला. “तू फुकटात तरी थांबतोस का?”

मी आपला चहाचा कप पुढे केला. मी! ज्याला गप्प करायला माझ्या सासूबाईही हरल्या.

दहाव्याला नदीकाठी सगळे तयारीत उभे होते. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली, असं आपण मानतो. मग एकेक जण पुढे होऊन वचनं देतो. शेजारच्या एका बागायतदाराच्या वेळी तर भाच्यांपासून भाडेकरूंपर्यंत सगळ्यांची वचनं संपली, तेव्हा कुठे कावळा उतरला होता. बबनच्या वेळी गुरुजी नीट मागेही सरले नव्हते, तोच कावळा आला आणि भात उचलून गेला.

आण्णांनी सुस्कारा सोडला. “काय इच्छा ऱ्हायली न्हाई बगा त्याची. गाडी इकायला मोकळं झालो आपुण.”

मग मात्र मी नदीकाठीच आवाज चढवला. “आण्णा, राहिली नाही म्हणजे पुरी झाली! एवढ्या लवकर कावळा शिवलेला माणूस दाखवा मला गावात. आणि विचारा त्याच्या घरच्यांना, किती गुंठ्यांत जमलं!” कुणीतरी हसलं. आण्णा हसले नाहीत. महिन्याभरात ते मारुंजीहून गिऱ्हाईक घेऊन आले, आयटीतले सभ्य गृहस्थ. आणि काय सांगू, ज्या तोंडाने डबडं म्हणायचे त्याच तोंडाने आण्णा म्हणाले, “जुनं सोनं हाय, साहेब!”

वहिनी दारात उभ्या होत्या. गृहस्थांनी अपेक्षा विचारली.

“पैसं नकोत,” वहिनी म्हणाल्या. “दोन गुंठं द्या. आमचं हुतं तेच.”

वहिनींनी बोट केलं तिकडे गृहस्थांनी वळून पाहिलं. त्या दोन गुंठ्यांवर आता सात मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. गृहस्थ हसले. वहिनी हसल्या नाहीत.

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. “भाऊजी, गाडी काढा. उभ्या उभ्या गंजंल.” मी चालवायला, त्या शेजारी. आमचं काही खरं नाही म्हणून आण्णा आपली पांढरी गाडी घेऊन मागे. चढाला व्हायचं तेच झालं. मी झाकण उघडलं, वहिनींनी चहा टाकला. आण्णा पुटपुटत उतरले, “सांगत व्हतो मी…” आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून व्हॅनच्या पायरीवर टेकले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

कप हातात घेऊन त्यांनी खाली पाहिलं. मुळशीचं पाणी दूरवर पसरलं होतं.

“जल्म गेला ह्या रस्त्यानं ये-जा करण्यात,” ते हळूच म्हणाले. “हितनं एवढं पाणी दिसतंय व्हय रं?”

इंजिन केव्हाच निवलं होतं. मी ते सांगितलं नाही. वहिनींनी पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.