उरलेल्या मुदतीची पंतप्रधान

वाती वळायला बसलं की तबकात वाती साठतात आणि तोंडात किस्से. वाती निदान देवापुढे जळून जातात, किस्से काही सरत नाहीत! आमच्या इंदिरानगरच्या भजनी मंडळाचे तर माझ्याकडे डबाभर आहेत.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना आम्ही 'पंतप्रधान' म्हणायचो. माईंचा कारभारच तसा होता! पेटी कुणी वाजवायची, प्रसाद कुणी करायचा, सगळी खाती वाटलेली. मुदत दोन वर्षांची. त्यातलं एक सरलं आणि माईंचे गुडघे धरले. मुलगा रेल्वेत, तो त्यांना मनमाडला घेऊन गेला. निघताना त्यांनी टाळांच्या पेटीची किल्ली माझ्या ओटीत घातली. "उरलेलं वर्ष तुझं. मंडळ मोडू देऊ नकोस गं."

घरी येऊन मी देवापुढे हात जोडले. मुदत पुरी होईपर्यंत मंडळ टिकू दे, तोवर चहा सोडला.

*

त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी, कुठल्याशा देशाचा पंतप्रधान मध्येच बदलला. हे म्हणाले, "बिचारा! मतं जुन्याला, आश्वासनं जुन्याची, आणि जाब मात्र ह्याला."

"कुठला हो देश?"

"इंदिरानगर!"

*

माझ्या पहिल्याच गुरुवारी प्रसादाचा शिरा वाटला. आमच्या पेटीवाल्या सुमनताई बँकेतून रिटायर झालेल्या, शब्दसुद्धा तोलून टाकतात. त्यांनी घास जिभेवर ठेवला आणि सुस्कारा सोडला. "माईंच्या वेळी शिरा कसा मोकळा असायचा!"

"हो ना, हो ना," सगळ्याजणी.

माईंच्या वेळीही तो शिरा मीच करत होते!

*

त्याच दिवशीची आरती. माईंना दम्याची ढास. आरतीआधी त्या हमखास खोकायच्या, आणि खोकला थांबला की सगळ्या एकसुरात उचलायच्या. इतके दिवस ऐकत होते, पण माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मी निरांजन लावलं, उभी राहिले. कुणी तोंड उघडेना!

"अहो, म्हणा ना."

सुमनताई हळूच म्हणाल्या, "तुमचं व्हायचंय अजून."

"काय?"

"खोकला!"

खोकले. आरती सुरू. तेव्हापासून दर गुरुवारी खोकत आले. शेवटी ह्यांनी खोकल्याचं औषध आणून ठेवलं!

*

श्रावणात मात्र सरकार पडायचीच वेळ आली. शुक्रवारची कहाणी वाचायचा मान माईंनी सुमनताईंना कबूल केलेला. तोच मान त्यांनी शकूताईंनाही कबूल केलेला! शकूताई पेठ तालुक्याकडच्या, आवाज खणखणीत.

मी मनमाडला फोन लावला. माई म्हणाल्या, "दोघींना हो म्हटलं खरं. वाटलं, श्रावणापर्यंत एक तरी विसरेल!"

मी तोडगा काढला. अर्धी कहाणी सुमनताईंनी वाचायची, शकूताईंनी 'हुं' द्यायचा. मग उलट.

"मी निस्तं हुं करायला नाय येत!" शकूताई कडाडल्या. "आमचं आम्ही येगळं भजन करू." पाचसहाजणी त्यांच्यामागे उठल्या. बाई गं, मोडलं मंडळ!

तरी शुक्रवारी आल्या सगळ्या. शकूताई तोंड फिरवून बसलेल्या. सुमनताईंनी वाचायला घेतलं, कहाणी रंगली, आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी अर्ध्यावर थांबून पुस्तक पुढे केलं.

शकूताई पदरानं डोळे पुसत ओरडल्या, "अवो, थांबता काय! ती बाय उपाशी दारात उभी हाय. तिला आधी जेवू घाला, मानाचं मंग बघू!"

*

मुदतीचा शेवटचा गुरुवार. सकाळीच ह्यांनी चहाचं पातेलं लख्ख पुसून ओट्यावर ठेवलं होतं.

संध्याकाळी माई आल्या, काठी टेकत. सगळ्या पाया पडल्या, सुमनताईंनी खुर्ची दिली. मी किल्ली पुढे केली तर म्हणाल्या, "आज मी पाहुणी. तू पुढे उभी राहा."

मी निरांजन लावलं. तेवढ्यात मागे माईंना ढास लागली. तीच, जुनी! किती दिवसांनी ऐकली. मी डोळे मिटले, आता आरती उचलतील.

ढास थांबली. एकही टाळ वाजला नाही.

डोळे उघडले तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, शकूताईसुद्धा. आणि मी खोकायचंच विसरले.

मागून माईंचा आवाज आला, "अगं, खोक की!"