दोनाचं वर्गमूळ

लॅबच्या ताईंनी एक राग एकोणीस वर्षं जपला होता, आणि तोही अधूनमधून धूळ झटकून, अगदी नव्यासारखा. तो सर्किटचं गणित शिकवणाऱ्या सरांवर होता.

ताई तेव्हा याच कॉलेजात शिकत होत्या. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "प्लगमध्ये दोनशे तीस व्होल्ट. लाट सगळ्यात उंच जाते तेव्हा किती?"

"तीनशे पंचवीस," त्यांनी फटकन सांगितलं. "दोनशे तीस गुणिले दोनाचं वर्गमूळ."

"हे वर्गमूळ आलं कुठून? दाखव." सरांनी खडू पुढे केला.

येत होतं हो त्यांना! साइनचा वर्ग करायचा, अख्ख्या लाटेवर सरासरी काढायची, ती निम्मी येते. पण बाहेरचे दोन परीक्षक टक लावून बघत होते आणि हात फळ्यावर अडला तो अडलाच. सर हसले. "पाठांतर!" म्हणाले, आणि शून्य दिलं. वर्ष गेलं. वडिलांनी शिक्षण थांबवलं. पुढे त्याच लॅबमध्ये उपकरणं दुरुस्त करायची नोकरी लागली.

तेव्हापासून ताई जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि इंटिग्रेशनची वही दुसऱ्या हाताला घेऊन बसत. अडलेली पोरं त्यांच्याकडेच येत. सर मात्र त्यांना "ए लॅब" अशी हाक मारत.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी तपासणी समिती आली. समितीसमोर प्रयोग दाखवायचा होता. ताईंकडे सामान मागण्यात कमीपणा, म्हणून सरांनी स्वतःच खण उपसून वीज साठवणारा कपॅसिटर काढला आणि जोडला. ताईंनी त्यावर छापलेली मर्यादा वाचली: अडीचशे व्होल्ट. डायोडमधून आलेली वीज त्याला थेट तीनशे पंचवीसपर्यंत चढवणार, आणि तो सरांच्या तोंडासमोर फुटणार.

'फुटू दे मेल्याच्या थोबाडावर,' ताई मनात म्हणाल्या. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पण फुटला तर तो अपघात ठरला असता. लोक हळहळले असते, फुलं घेऊन दवाखान्यात गेले असते. छे, इतक्या स्वस्तात नाही!

त्यांनी मेन स्विच खाली ओढून वीज तोडली.

पुढे सगळे म्हणाले, पहिल्या बाकावरची मुलगी वाकून बघत होती म्हणून ताईंना दया आली. मुलगी त्यांना दिसली होती, खोटं कशाला बोला. तिला त्यांनी दरडावून मागेही बसवलं. पण दया? सरांची? नाव काढू नका.

"ए लॅब, वेड लागलंय का?" सर ओरडले.

"सर, कपॅसिटर कितीचा?"

"अडीचशेचा. लाईन दोनशे तीसची..." आणि सर मध्येच थांबले. टेबलापासून दोन पावलं मागे सरकले.

"शिखर तीनशे पंचवीस. दोनाच्या वर्गमुळानं गुणायचं असतं," ताईंनी खडू पुढे केला. "ते आलं कुठून? दाखवा."

सरांना येत होतं. जन्मभर तेच शिकवलं होतं त्यांनी. पण समिती बघत होती, पोरं बघत होती. त्यांनी 'साइन' एवढंच लिहिलं आणि खडू तिथेच अडला. ताईंनी मनातल्या मनात साठ आकडे मोजले, एकही न गाळता.

मग त्यांनी सरांच्या हातातून खडू काढून घेतला, चार ओळींत सगळं मांडलं आणि खाली ठळक रेघ ओढली.

"पाठांतर," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नका, सर. तुमचं वर्ष जाणार नाही."