न दिलेली टेस्ट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. "आधी जुलाब घे, मग बोलू" हे माझं ठरलेलं उत्तर! आज स्वतःच तसलं काही लिहायला बसलोय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

कारण घडलं ते मागच्या महिन्यात. पुतण्याची किडनी बदलायची होती आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते — आधी कधी रक्त चढवलंय का? शरीर परकी वस्तू लक्षात ठेवतं म्हणे. पुन्हा भेटली की तुटून पडतं, नवी किडनीही टिकू देत नाही. तो प्रश्न ऐकला आणि मला तिथे बसवेना.

साठ-एकसष्ट साल असावं. पांढरकवड्याला एका खाजगी डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. बाजाराचा दिवस, अकराचा सुमार, रांग पार रस्त्यापर्यंत. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, कमलचा नवरा आला. गोठ्यातला गंजका खिळा टाचेत घुसलेला. सोबत त्याची आई. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं आणि कमलला सातवा महिना.

धनुर्वाताची सुई तेव्हा घोड्याच्या रक्तापासून केलेली असे. नियम असा — आधी हातावर कातडीखाली थेंबभर टेस्ट द्यायची, अर्धा तास थांबायचं. गांध आली तर सुई द्यायची नाही, दिली तर माणूस जागच्या जागी जातो.

"मावशी, याला आधी कधी सुई दिली होती का?"

"नाही वो भाऊ! जन्मापासून सुई मालूम नाही त्याले."

रांग ओरडत होती. मी टेस्ट टाळली. हो, टाळली. पूर्ण डोस सिरिंजमध्ये भरला आणि वळलो.

"दादा, इथं लय खाजून राह्यलं," तो म्हणाला.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, जिथे आम्ही टेस्ट द्यायचो नेमक्या तिथे, लालभडक गांध उठली होती. बघता बघता रुपयाएवढी झाली. मधोमध सुईचा बारीक ठिपका... मी सिरिंज पाहिली. डोस पूर्ण होता, थेंबही कमी नाही. दुसरी सिरिंज अजून उकळत होती.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब बाहेर आले. हात पाहिला आणि म्हणाले, "टेस्ट उठली! खबरदार, सुई देऊ नको." मग मावशीकडे वळले, "खरं सांगा बाई, याला पूर्वी असलं औषध दिलं होतं ना?"

मावशी मटकन खाली बसली. "सहा वर्साचा होता, तवा घटसर्प झालता. नागपूरले नेलतं, तिथं सुया देल्या..."

"मग मला काहून नाही सांगितलं, मावशी?"

"तुमी पोरीकडचे ना, भाऊ! पोरगं रोगी हाय म्हणून उद्या घरोघरी बोंब झाली असती."

घटसर्पाचं औषधही घोड्याच्याच रक्ताचं. माणसं लपवत होती, शरीर विसरलं नव्हतं. पण न टोचलेल्या सुईची त्याला आधीच खबर कशी लागली? की कुणी टोचलीच होती? त्याची आई आणि मी सोडून त्याच्याजवळ कुणी गेलं नव्हतं.

साहेबांनी जखम चिरून धुतली, पेनिसिलिन दिलं. पंधरा दिवस मी रोज सकाळी सायकलने जाऊन त्याला तोंड उघडायला लावायचो. जबडा धरला नाही. जावई वाचला.

त्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली, "टेस्ट दिलीस म्हणून वाचला रे." मी म्हणालो, "हो साहेब."

पुढे किती डॉक्टरांना आडवळणाने विचारलं. पित्त म्हणाले, डास म्हणाले, एकाने तर भास म्हटलं. मला एकही पटलं नाही. कमल अजून प्रत्येक राखीला नातवंडांना सांगते, मामाआजोबांनी टेस्ट दिली म्हणून तुमचे आजोबा वाचले. मी आणखी एक पेढा तोंडात टाकतो.

कमल, वाचत असशील तर ऐक. ती टेस्ट कुणी दिली मला माहीत नाही. मी तुझ्या नवऱ्याला पूर्ण सुई देणार होतो.